पोच की होकार?

मार्च २०२१मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात एका धान्य कंपनीच्या खरेदीदाराने जवसाच्या खरेदीचा करार तयार केला, त्यावर शाईने सही केली, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि शेतकऱ्याला पाठवून दिला. त्याआधी फोनवर बोलणं झालेलं होतं. फोटोसोबत एक ओळ होती: जवसाचा करार कृपया कन्फर्म करा. शेतकऱ्याने उत्तरादाखल एक अक्षरही लिहिलं नाही. वर केलेल्या अंगठ्याचं चित्र तेवढं पाठवलं. भाव होता बुशेलला १७ डॉलर. जवसाचं बुशेल म्हणजे साधारण २५ किलो. माल नोव्हेंबरात पोचवायचा होता. नोव्हेंबर उजाडेपर्यंत भाव ४१ डॉलरवर चढला आणि ठरलेलं ८७ टन जवस कंपनीकडे आलंच नाही.

पुढे कोर्टकचेरी झाली. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे फोटो मिळाला, एवढंच. फोटोत कराराचं पहिलंच पान होतं. सगळ्या अटींसह पूर्ण करार मागाहून येईल, तो वाचू, मग सही करू, असं आपण धरून चाललो होतो. कंपनी म्हणाली, अंगठा म्हणजे सौदा पक्का. जून २०२३मध्ये न्यायमूर्ती कीन यांनी कंपनीचं म्हणणं मान्य केलं आणि शेतकऱ्याने ८२,२०० डॉलर आणि २१ सेंट नुकसानभरपाई द्यावी, वर व्याज आणि दाव्याचा खर्च भरावा, असा निकाल दिला. ते २१ सेंट मला फार आवडतात. ज्या निकालात एका चित्राचा अर्थ लावताना न्यायाधीशांनी इंटरनेटवरच्या शब्दकोशाचा हवाला दिला, आणि तो कितपत अधिकृत मानायचा याबद्दलची शंकाही तिथेच बोलून दाखवली, त्याच निकालात हिशेब मात्र सेंटानेही हललेला नाही.

बातमी जगभर गेली ती एकाच मथळ्याने: अंगठा म्हणजे सही. हा मथळा चुकीचा आहे आणि त्याने बरंच नुकसान होऊ शकतं, असं माझं मत आहे. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. निकाल मला पटतो. पण तो ज्या कारणाने पटतो ते कारण मथळ्यात कुठेच नाही.

कारण असं. या दोघांचा व्यवहार जुना होता. याआधीही खरेदीदाराने कराराचे फोटो असेच पाठवले होते आणि शेतकऱ्याने त्यावर कधी 'ठीक दिसतंय', कधी 'ओके', कधी नुसतं 'हं' अशा अर्थाची तुटक उत्तरं दिली होती. प्रत्येक वेळी माल वेळेवर पोचला, पैसे मिळाले, कुणी तक्रार केली नाही. त्या वेळी पूर्ण करार येण्याची वाट शेतकऱ्याने पाहिली नव्हती. म्हणजे 'ओके' लिहिलं की सौदा झाला, ही रीत दोघांनी मिळून पाडली होती, आणि २०२१मध्ये त्या 'ओके'च्या जागी अंगठा येऊन बसला. न्यायालयाने अर्थ लावला तो या रीतीचा. हाच अंगठा पहिल्याच व्यवहारात, अनोळखी माणसाने पाठवला असता तर निकाल असाच लागता असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. डिसेंबर २०२४मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयानेही निकाल कायम केला, पण एकमताने नव्हे. सौदा झाला होता का यापेक्षा, त्या चित्राला कायद्याला लागते तशी सही म्हणायचं का, यावर तिथे मतभेद झाला.

आता दुसरा अंगठा पाहा. हा आपल्याकडचा आहे. २०१८मध्ये मेघालयात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका अधिकाऱ्याची दलातल्याच जवानाने हत्या केली. दलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी आली आणि एका कॉन्स्टेबलने तिच्याखाली अंगठा दिला. वरिष्ठांनी त्याचा अर्थ लावला की हा माणूस खुनाचा आनंद साजरा करतो आहे. चौकशी झाली आणि नोकरी गेली. त्याचं म्हणणं होतं की व्हॉट्सअॅपची आपल्याला फारशी सवय नाही, अंगठा चुकून पडला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. एकल न्यायाधीशांनी त्याला परत घ्यायला सांगितलं आणि मार्च २०२४मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. अंगठा 'ओके'च्या जागी वापरला जातो, त्यावरून मेसेज पाहिला एवढंच दिसतं, त्याला हत्येचा जल्लोष म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

दोन्ही न्यायालयांनी अंगठ्याला 'ओके' म्हटलं, हे लक्षात घ्या. एकीकडे 'ओके'ने ८२ हजार डॉलरचा बोजा अंगावर टाकला, दुसरीकडे त्याच 'ओके'ने नोकरी वाचवली. यात विसंगती नाही. 'ओके'चंच ते दुखणं आहे. 'कळलं' आणि 'कबूल' हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत, आणि बाहेर कोणता काढायचा हे चित्र सांगत नाही. आधी काय विचारलं होतं, कुणी विचारलं होतं आणि त्या दोघांचा आजवरचा व्यवहार कसा होता, हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

मुळात वर केलेल्या अंगठ्याला जन्मजात अर्थ नाहीच. रोमच्या आखाड्यात अंगठा वर म्हणजे जीवदान आणि खाली म्हणजे मरण, ही समजूत आपल्यापर्यंत आली ती बरीचशी जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२च्या एका चित्रामुळे. जुन्या रोमन ग्रंथांत अंगठ्याचा उल्लेख आहे, पण तो नेमका कोणत्या दिशेला वळायचा यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. इराणात वर केलेला अंगठा परंपरेने शिवीच्या जवळ जातो. आपल्याकडे पोरं एकमेकांना चिडवताना हाच अंगठा नाकासमोर नाचवतात, आणि तेव्हा तो 'काही मिळणार नाही' असं सांगतो. तारकर्लीला समुद्रात बुडी मारायला जाणाऱ्या हौशी पर्यटकाला प्रशिक्षक किनाऱ्यावरच बजावतो की पाण्याखाली अंगठा वर करायचा नाही. पाणबुड्यांच्या खुणांत त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा आहे. रंगीत मासे पाहून खूश झालेल्या माणसाने 'झकास' म्हणून अंगठा दाखवला की प्रशिक्षक त्याला घेऊन वर येतो. त्यात कुणाचंच चुकलेलं नसतं. धंद्यातल्या खुणा अशाच चालतात: आधी ठरतात, मग वापरात येतात. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो तेव्हा कोणतं बोट म्हणजे किती, हे दलालाला आणि गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं.

फोनवरचा अंगठा मात्र कुणीच आधी ठरवलेला नाही. तो २०१०मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत आला, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या फोनवर तो एकाच क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या वर्षभर आधी फेसबुकने 'लाइक'चं बटण आणून अंगठ्याला कौतुकाचं काम दिलं होतं. २०२२मध्ये व्हॉट्सअॅपवर मेसेजला चिकटवायच्या प्रतिक्रिया आल्या आणि सुरुवातीच्या सहांत अंगठा होताच. कौतुक, पोच आणि होकार ही तीन कामं एका चित्राच्या गळ्यात पडली ती अशी, कुणी न ठरवता.

आपल्या कागदोपत्री व्यवहारात या गोष्टी वेगवेगळ्या ठेवायची शिस्त फार जुनी आहे. मंत्रालयातली कुठलीही नस्ती उघडा. कागद 'अवलोकनार्थ' येतो तो वेगळा आणि 'मान्यतेस्तव' येतो तो वेगळा. साहेब पहिल्यावर 'पाहिले' लिहितात, दुसऱ्यावर 'प्रस्तावाप्रमाणे मान्य', आणि मनात नसेल तर 'चर्चा करावी'. या सरकारी मराठीची टिंगल करायला मला इतरांइतकंच आवडतं, पण 'पाहिले' लिहिणाऱ्याला पुढे कुणी 'तुम्ही मान्यता दिली होती' म्हणून कोर्टात खेचू शकत नाही, एवढं काम ती चोख करते. सहकारी संस्थेच्या सभेतही तसंच. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, दोघांची नावं इतिवृत्तात येतात. सभेला हजर असणं म्हणजे ठरावाला पाठिंबा असणं, असं कुणी समजत नाही.

त्याहून जुनी गोष्ट चित्रांचीच आहे. पेशवाईतल्या कागदांवर ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असं लिहून नांगराचं लहानसं चित्र काढलेलं सापडतं. कुणबी-पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. चित्राने व्यवहार करण्याची पाळी आपल्यावर फोन आल्यामुळे आलेली नाही. नांगराच्या चित्राच्या जागी अंगठ्याचा ठसा आला तो इंग्रजी अमलात, आणि त्याचीही सुरुवात एका करारातच झाली. १८५८मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करायला राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी करार केला आणि कागदाच्या मागे त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. बोटांच्या रेषांवरून माणूस ओळखता येतो हे तेव्हा हर्शेललाही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की ही सही माझी नाहीच, असं म्हणायला पुढे कोनाई धजू नये. हर्शेलने हे स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. आपल्या हाताची खूण कागदावर उमटली की माणूस बिचकतो आणि शब्द फिरवत नाही, हा तो हिशेब.

पंजा असो की अंगठा, ठशाने प्रश्न सुटला तो ओळखीचा. हा माणूस तोच आहे हे ठसा सांगतो. त्या माणसाला कागदात काय लिहिलंय हे कळलं होतं का, हे ठसा कधीच सांगत नाही. सावकारी कर्जाचा सगळा इतिहास या फटीत घडला आहे. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते हाती लागले की जाळले. ज्या कागदांवर त्यांच्याच निशाण्या होत्या ते त्यांना कबूल नव्हते, कारण आपण नेमकं कशाला हो म्हटलं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दख्खनच्या या दंग्यांनंतर सरकारने १८७९मध्ये शेतकरी साहाय्य कायदा आणला. त्यातली एक तरतूद मला आजही शहाणपणाची वाटते: शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायला हवा आणि तो वाचून दाखवायला हवा, नाहीतर त्याला किंमत नाही. निशाणी करणाऱ्याला 'नीट बघून सही करत जा' असा उपदेश करत न बसता कायद्याने जबाबदारी निशाणी मागणाऱ्यावर टाकली. ज्याला त्या कागदाच्या जोरावर उद्या वसुली करायची आहे, त्याने आज समोरच्याला कळल्याची खात्री करून घ्यावी.

व्हॉट्सअॅपच्या अंगठ्याबाबत नेमकं उलट घडतं आहे. लोकांना सल्ला दिला जातो तो अंगठा देणाऱ्यांनी सावध राहावं असा. मागणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आणि मागणारा बहुतेक वेळा वरच्या पायरीवर उभा असतो. शाळांच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला सूचना येते की उद्या अकरापर्यंत अमुक माहिती भरून पाठवावी, वाचल्याची पोच सर्वांनी द्यावी. शिक्षक अंगठा देतात. तो अंगठा पोच म्हणून मागितलेला असतो आणि पोच म्हणूनच दिलेला असतो. पण माहिती वेळेत गेली नाही की नोटिशीत तोच अंगठा 'आपण मान्य करूनही' या शब्दांत परत येतो. उलट शिक्षकाने वरिष्ठांना मेसेज केला, 'मुलगी आजारी आहे, उद्या रजा हवी आहे', आणि उत्तरादाखल अंगठा आला, तर तो मंजुरीचा समजून घरी राहायची हिंमत किती जण करतील? परवा साहेब म्हणू शकतात, मी फक्त वाचलं होतं. खालून वर गेलेल्या अंगठ्याने देणारा बांधला जातो. वरून खाली आलेल्या अंगठ्याने कुणीच बांधलं जात नाही. चित्र संदिग्ध असतं तेव्हा त्याचा अर्थ नंतर ठरतो, आणि नंतर ज्याच्या हाती अधिकार असतो तो ठरवतो.

सोसायट्यांच्या ग्रुपवर याचीच धाकटी आवृत्ती चालते. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची तीन कोटेशनं टाकतात, त्याखाली लिहितात, 'मधलं ठीक वाटतंय, सर्वांनी मत द्यावं'. अंगठे येतात. काही कोटेशनच्या फोटोला चिकटलेले, काही सेक्रेटरींच्या वाक्याला, एक-दोन मध्येच कुणी टाकलेल्या सुविचाराला. आता 'मधलं' म्हणजे ग्रुपवर मधलं की रकमेने मधलं, याचा खुलासा कुणी मागत नाही. आठवड्याने काम सुरू होतं, सगळ्यांनी मान्यता दिली आहे असं सांगितलं जातं, आणि ज्या काकांना ते कंत्राट मुळीच मान्य नव्हतं त्यांचा अंगठा फोटोखाली दिसतो, कारण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'कोटेशन पाहिलं' असा होता. यातून आणखी एक गंमत होते. व्हॉट्सअॅपवर लिहिलेला मेसेज पुसला तर 'मेसेज डिलीट केला' अशी खूण मागे राहते. चिकटवलेला अंगठा काढून घेतला तर मागे काहीच राहत नाही. ज्याच्या जोरावर लाखाचं काम निघालं ते अंगठे पुढच्या सभेपर्यंत निम्मे झालेले असले तरी दाखवायला पुरावा नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर आपली जमीन कॅनडापेक्षा निसरडी आहे. सस्कॅचेवानच्या कायद्यात ५० डॉलरच्या वरच्या मालाच्या सौद्याला सहीचा लेखी पुरावा लागतो, म्हणून तिथे अंगठ्याला सही म्हणायचं का यावर इतकी चर्चा झाली. आपल्याकडे मालाचा सौदा तोंडीही होतो. १९३०चा मालविक्री कायदा लेखी, तोंडी आणि वर्तनावरून दिसून येणारा, असे सगळे सौदे धरतो. करार कायदा १८७२चा (जेरोमच्या त्या चित्राचंच वर्ष), आणि त्याच्या ९व्या कलमात शब्दांवाचून दिलेल्या वचनालाही जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेले करार केवळ त्या कारणाने बाद ठरत नाहीत. तेव्हा लातूरच्या एखाद्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या भावाच्या मेसेजला अंगठा दिला तर सहीचा मुद्दा आड येणारच नाही. थेट प्रश्न येईल तो स्वीकृतीचा. तिथे मात्र करार कायद्याचं ७वं कलम उभं राहतं. स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी, आणि रूढ, रास्त रीतीने कळवलेली हवी. त्या दोघांत अंगठ्याने सौदे करण्याची रूढी होती का, हा सस्कॅचेवानचाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पोच द्यायला व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका आहेतच. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका क्रेडिट कार्ड कंपनीची बाजू अशीच होती. थकबाकीदार नोटीस घेत नव्हता. नोटिशीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली, निळ्या टिकांवरून ती उघडल्याचं दिसलं, आणि नोटीस पोचली असं न्यायालयाने मानलं. मग मेसेज वाचल्याचं टिकांवरूनच कळत असताना वर अंगठा कशाला? तो दिला म्हणजे वाचल्यापेक्षा काहीतरी जास्तच सांगायचं असणार. हे तर्काला धरून आहे, पण वापराला धरून नाही. निळ्या टिका बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. ग्रुपवर त्या सगळ्यांनी वाचल्यावरच निळ्या होतात. आणि मुख्य म्हणजे टीक आपोआप उमटते, अंगठा माणूस देतो. 'तुमच्याकडे लक्ष आहे' हे कळवायची ती रीत आहे, बोलताना आपण मध्येमध्ये 'हं' म्हणतो तशी. फोनवर अर्धा तास 'हं, हं' म्हणत ऐकणारा माणूस प्रत्येक वाक्याशी सहमत असतो असं कुणी म्हणत नाही.

घरगुती गप्पांत अंगठ्याने जे रुसवेफुगवे होतात त्यावर मी वेळ घालवणार नाही. तरुणांना तो तुटक आणि उद्धट वाटतो, वडीलधाऱ्यांना नेटका वाटतो. २०२२मध्ये यावर इंग्रजी वर्तमानपत्रांनी बरीच शाई खर्च केली. घरात गैरसमज झाला तर फोन करून मिटवता येतो. पैसा, नोकरी आणि जबाबदारी आली की तसं मिटत नाही.

तेव्हा माझं म्हणणं ग्रुप चालवणाऱ्यांना, साहेबांना, सेक्रेटरींना आणि व्यापाऱ्यांना आहे. तुम्हाला पोच हवी असेल तर पोच मागा आणि अंगठ्यावर समाधान माना. होकार हवा असेल तर प्रश्न असा विचारा की त्याचं उत्तर शब्दांतच द्यावं लागेल: कोणतं कोटेशन, किती रुपयांचं, कोणत्या तारखेपर्यंत, 'मान्य' की 'अमान्य'. उत्तरं आली की ती वहीत उतरवा आणि पुढच्या सभेत वाचून दाखवा. ज्यांनी शब्दांत उत्तर दिलेलं नाही त्यांना हो म्हणणाऱ्यांत धरू नका, मग त्यांचा अंगठा कितीही वर असो.